व्यायाम : संकल्पाकडून सवयीकडे

व्यायाम करावा हे कोणाला ठाऊक नाही? शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून आपण ते ऐकत आलो आहोत. तरीही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केलेला संकल्प महिनाअखेरपर्यंत टिकत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे. पहाटेचा गजर बंद करून माणूस पुन्हा अंगावर चादर ओढतो आणि उठल्यावर म्हणतो, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही." व्यायामाचे फायदे पुन्हा एकदा सांगावेत असा या लेखाचा हेतू नाही. सर्व ठाऊक असूनही व्यायाम सुरू का होत नाही, झाला तर टिकत का नाही आणि तो टिकावा म्हणून काय करता येते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

खुर्ची मिळाली, मेहनत गेली

आपल्या मागच्या पिढ्यांना वेगळा व्यायाम करावा लागत नव्हता. शेतावर, गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि बांधकामावर राबणाऱ्या माणसाला "व्यायाम कर" असे सांगणे ही त्याची थट्टाच ठरली असती. त्यांनी हाडाची काडे करून मुलांना शिकविले, ते मुलांना पंख्याखाली, खुर्चीवर बसून काम मिळावे म्हणूनच. ती खुर्ची मोठ्या कष्टाने मिळाली आहे व तिचा अभिमान रास्तच आहे. परंतु खुर्चीबरोबर अंगमेहनत गेली आणि जेवणाचे ताट मात्र पूर्वीइतकेच भरलेले राहिले. आमच्यासारखे बँकेत काउंटरवर बसणारे सहा-सात तासांत फार तर पाण्याच्या पिंपापर्यंत चालतात. ज्या घरात आजोबांनी मधुमेह हा शब्दही ऐकला नव्हता, त्याच घरात आज दोघा-तिघांची साखर तपासावी लागते.

आकडे पाहिले तर चिंता वाटावी अशीच स्थिती आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असे आढळले की, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के होते.

बैठ्या कामाचा हृदयाशी काय संबंध आहे, हे दाखविणाऱ्या आद्य संशोधनांपैकी एक लंडनच्या बस कर्मचाऱ्यांवर झाले. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५३ साली प्रसिद्ध केले. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. दोघे एकाच बसवर काम करणारे, तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. ड्रायव्हर मंडळी नोकरीस लागतानाच काहीशी स्थूल होती असे पुढे मॉरिस यांनाच दिसून आले. तेव्हा सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही. तथापि हालचाल करणाऱ्याचे हृदय अधिक सुरक्षित राहते, हा मूळ निष्कर्ष पुढील अनेक अभ्यासांनी कायम ठेवला.

आपल्या देशातील उदाहरणही आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारात बदल व नियमित चालणे यांवर ज्यांचा भर होता, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका, नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला.

नुसती माहिती पुरत नाही

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. माहिती मिळाली की माणूस व्यायाम करू लागतो का? ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला व्यायामाच्या महत्त्वाविषयी काही वाचावयास दिले नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार व व्यायाम यांविषयी माहिती वाचावयास दिली. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे व्यायाम करणार, हे लिहून काढावयास सांगितले. त्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के निघाले!

हा प्रयोग लहान होता व थोड्याच काळाचा होता, हे खरे. परंतु त्यातून मिळणारा बोध मोलाचा आहे. माहिती वाचून दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, पण इच्छेला दिवस, वेळ व जागा नव्हती. म्हणून ती हवेतच विरली. "मन लागले की सुरू करीन" असे म्हणणारा मनाची वाट पाहत राहतो. प्रत्यक्षात आधी पाऊल पडते आणि उमेद त्याच्या मागून येते. पंधरा दिवसांनी झोप चांगली लागू लागते, जिना चढताना धाप कमी लागते आणि मग उद्याही जावेसे वाटते.

"उद्यापासून चालायला जाईन" हा झाला संकल्प. "सोमवार ते शुक्रवार, सकाळी नळाचे पाणी भरून झाले की बूट घालून मैदानाला चार फेऱ्या मारीन" ही झाली योजना. रोज ठरल्या वेळी घडणाऱ्या एखाद्या कामाला व्यायाम जोडून द्यावा, म्हणजे ते काम संपले की व्यायामाची आठवण आपोआप होते. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवावेत. सकाळी शोधाशोध करावी लागली, तर तेवढेच निमित्त मनाला पुरते.

एक हप्ता चुकला म्हणून खाते बंद होत नाही

सवय २१ दिवसांत जडते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ व्यक्तींचे निरीक्षण करून २०१० साली निराळाच निष्कर्ष मांडला. नवी गोष्ट अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागतात. कोणाला १८ दिवस पुरतात, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे महिनाभर करूनही जड वाटत असेल, तर आपल्यात काही उणीव आहे असे समजू नये. त्याच अभ्यासात असेही दिसले की, मध्येच एखादा दिवस खाडा झाल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर व्यायाम हे आवर्ती ठेवीचे खाते आहे. हप्ता लहान असला तरी चालतो, पण तो नियमित हवा. एक हप्ता चुकला म्हणून कोणी खाते बंद करीत नाही, पुढचा हप्ता वेळेवर भरतो. लग्नकार्य, आजारपण, परीक्षा, पाहुणे यांमुळे खाडे होणारच. एका दिवसाचा खाडा दोन दिवसांचा होऊ न देणे, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

किती करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. शाळकरी मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. १५० मिनिटे म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. अर्धा तास सलग मिळत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग चालतात. मध्यम व्यायामाची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

रोज १०,००० पावले चाललीच पाहिजेत, असाही समज आहे. या आकड्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे. २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही, २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा लाभ सुमारे ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला. तेव्हा मोठ्या आकड्याला घाबरून घरी बसण्याचे कारण नाही.

चालण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. अंगुत्तर निकायातील चंकमसुत्तात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगीपणा आणि खाल्लेल्या अन्नाचे नीट पचन यांचाही समावेश आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे मैदाने भरून जातात. मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव नेटाने करतात. भरती संपली की तीच मैदाने ओस पडतात. निवड झालेला थांबतो आणि न झालेलाही थांबतो. याचे कारण असे की, व्यायाम परीक्षेसाठी होता, शरीरासाठी नव्हता. ध्येय जरूर असावे, पण ते गाठल्यानंतर काय करावयाचे, हेही आधीच ठरवावे. भरतीनंतर रोज धावणे नको असेल, तर आठवड्यातून तीन दिवस कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळावे. आवडीचा खेळ हा सर्वांत जास्त टिकणारा व्यायाम आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी दर तासाला उठून पाच मिनिटे फिरून यावे.

भगिनींसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही

"घरकाम हाच आमचा व्यायाम" असे अनेक भगिनी म्हणतात. धुणे, झाडलोट, पाणी भरणे यांत मेहनत आहेच व तिचा उपयोगही होतो. परंतु आता पुष्कळ कामे ओट्याशी एकाच जागी उभे राहून होतात आणि त्यांत दम लागेल अशी हालचाल थोडीच असते. खरी अडचण वेळेची आहे. सकाळी अर्धा तास घराबाहेर पडावयाचे, तर त्या अर्ध्या तासात गॅसजवळ दुसऱ्या कोणीतरी उभे राहिले पाहिजे. म्हणून आईने किंवा पत्नीने चालायला जावे असे ज्यांना वाटते, त्यांनी उपदेश करण्याऐवजी सकाळचा चहा व मुलांचा डबा आपल्याकडे घ्यावा. एकटीने जाण्यास संकोच वाटत असेल, तर तिघी-चौघींनी मिळून वेळ ठरवावी. खाली मैत्रीण वाट पाहत उभी आहे, हे आठवले की अंथरूण सोडावेच लागते. पुरुषांनाही हे तितकेच लागू आहे.

थोडी काळजी

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखर वा गोळ्या ठेवाव्यात. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये व घरी आल्यावर तळपाय तपासावेत. छातीत दुखणे, अकारण धाप किंवा चक्कर जाणवल्यास लगेच थांबावे व डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात मैदान बंद झाले, तर इमारतीचा जिना, व्हरांडा किंवा घरातल्या घरात उठाबशा आहेतच. पावसाची योजना मे महिन्यातच ठरवून ठेवावी.

मित्रहो, मागच्या पिढीने शरीर झिजवून आपल्याला शिक्षण दिले. त्या शिक्षणाची फळे चाखण्यासाठी आपले शरीर धड राहिले पाहिजे आणि पुढच्या पिढीचा पैसा आपल्या औषधपाण्यावर खर्च होता कामा नये. त्यासाठी फार मोठ्या निश्चयाची गरज नाही. हे पान मिटण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता दिवस, किती वाजता आणि कोठे. तो कागद आरशाजवळ चिकटवावा आणि ठरल्या वेळी घराबाहेर पडावे, एवढीच सर्वांना विनंती.