पंडितेचा ताठा आणि केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंविषयी कुठे काही छापून आलं की मी ते आधी कापून ठेवतो, मग सवडीने वाचतो. हा नाद जुना आहे. बहुतेक लेखक त्यांच्या धर्मांतराच्या वादातच अडकतात. मला मात्र कुतूहल आहे ते विद्येच्या ताठ्याचं : तो कसा मोडला, आणि मोडल्यावर त्या बाईंनी काय केलं?

ताठा होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत, कुटुंबासह तीर्थं हिंडत. १८७४ ते १८७७च्या दुष्काळात होतं नव्हतं ते दानधर्मात आणि नवसांत संपलं. विद्येच्या ताठ्यापायी भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही, पोटापुरतं कमावण्याचं एकही कसब हाती नाही. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आईवडील आणि बहीण, तिघंही त्या दुष्काळात गेली.

पुढचं भराभर सांगतो. १८७८ साली कलकत्त्यात संस्कृत विद्वत्तेसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला हलल्यावर तिथल्या मुलींच्या धर्मांतरावरून गदारोळ.

खरी गोष्ट केडगावची. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं होतं. कुणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर त्याने अनाथाश्रम चालवले. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन परतल्या; त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. ज्या भुकेने त्यांचं घर खाल्लं, तिच्याच तोंडून त्या पोरी ओढून काढत होत्या. शारदा सदनाला अमेरिकेतल्या एका मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी याच सुमारास संपत आली होती. उद्याच्या धान्याची भिस्त देवावर. पण मी भाबडा नाही : मुक्ती सदनाचं वार्तापत्र निघत होतं, गरजा लोकांच्या कानावर जात होत्या, परदेशातून पैसा येत होता. रमाबाईंना त्यात विसंगती वाटत नसावी. देवावर भार टाकायचा म्हणजे हातावर हात धरून बसायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं. मुक्ती सदनात शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता. आपल्या घराला जे कसब नव्हतं, ते त्यांनी प्रत्येक मुलीच्या हाती दिलं.

आणि छापखाना! पुणे-दौंड मार्गावर केडगावला मी उतरतो तो या छापखान्याच्या ओढीने. पन्नाशीच्या आसपास रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकत बसल्या आणि बायबल मराठीत आणू लागल्या. खिळे जुळवायला, छापायला सदनातल्याच मुली. आधीचं भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. ज्या संस्कृतने सभा जिंकून दिल्या, तेच इथे त्यांनी जाणूनबुजून दूर ठेवलं, का तर खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला बायबल वाचता यावं. माझ्या मते त्यांचं खरं शरणागत होणं बाप्तिस्म्यात दिसत नाही, ते या साध्या मराठीत दिसतं. पदवी कुणी काढून घेतली तर अपमान होतो. आपणच ती कामापुरती बाजूला ठेवायची, याला वेगळीच ताकद लागते.

१९२१ साली लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. त्यांचा धर्म पटो न पटो, मराठी गद्याच्या इतिहासात या पुस्तकाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.