पर्वाचा परिचय

दूरचित्रवाणीवरील दीर्घ मालिका पर्वांत विभागलेली असते. प्रत्येक पर्वासोबत चार-पाच वाक्यांचा परिचय दिलेला असतो. या कथेला आपल्या पुढल्या कित्येक सायंकाळी द्याव्यात की नाही, हे प्रेक्षक बहुधा तेवढ्यावरूनच ठरवितो. असे असूनही हा मजकूर पुष्कळदा घाईघाईने खरडलेला आढळतो.

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही अद्भुतरम्य चित्रमालिका अमेरिकेत २००५ ते २००८ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली. तिची पर्वे तीन : जल, पृथ्वी आणि अग्नी, भाग एकंदर ६१. शंभर वर्षे हिमखंडात निद्रिस्त असलेला ॲंग नावाचा १२ वर्षांचा मुलगा कटारा व सोका या बहीणभावांना सापडतो. चारही महाभूतांवर हुकमत चालविणारा 'अवतार' तो हाच. अग्निराष्ट्राने मांडलेले युद्ध त्याला थांबवावयाचे आहे. वायुविद्या त्याला येते. उरलेल्या तीन विद्या त्याने उन्हाळा संपण्यापूर्वी शिकावयाच्या आहेत, कारण तेव्हा येणारा धूमकेतू अग्निराष्ट्राचे बळ कैक पटींनी वाढविणार आहे.

आता पहिल्या पर्वाचा परिचय कोणी असा लिहिला, अशी कल्पना करा : 'ॲंग व त्याचे शूर मित्र थरारक प्रवासास निघतात. वाटेत अनेक संकटे येतात. मैत्रीची कसोटी लागते. दुष्ट झुको त्यांच्या मागावर आहे. पुढे काय होणार?'

यात व्याकरणाची चूक एकही नाही. परंतु नावे बदलली, की हाच मजकूर जगातील कोणत्याही साहसकथेला चालेल. हिमखंड नाही, शंभर वर्षे नाहीत, उन्हाळ्याची मुदतही नाही. 'थरारक' हा शब्द लिहिल्याने वाचकाच्या अंगावर काटा येत नाही. तो येतो त्या मुदतीने.

त्याहूनही मोठा दोष 'दुष्ट' या एका शब्दात आहे. झुको हा १६ वर्षांचा राजपुत्र. बापाने त्याला हद्दपार केले आहे, आणि अवताराला पकडून आणल्यावाचून त्याला घरी परतता येत नाही. त्याच्या डाव्या डोळ्यावर भाजल्याचा व्रण आहे. अशा मुलाला दुष्ट ठरवून मोकळे होणे म्हणजे प्रेक्षकाची दिशाभूल करणे होय. उलट, व्रणाची सारी हकीकत परिचयातच सांगून टाकणे हीही आगळीकच. मालिकेने ती १२व्या भागापर्यंत राखून ठेवली आहे.

दुसऱ्या पर्वाचे काम त्या मानाने सोपे. तेथे टॉफ येते. ही मुलगी आंधळी. अनवाणी पायांना जाणवणाऱ्या जमिनीच्या कंपनांवरून ती सभोवतालचे जग ओळखते. एवढे सांगितले, की कुतूहल आपोआप जागे होते.

खरी अडचण तिसऱ्या पर्वाची. त्याचा आरंभ नेमका सांगू गेल्यास दुसऱ्याचा शेवट फुटतो, आणि तो शेवट असा आहे, की तो येथेही सांगणे योग्य नव्हे. मग घडून गेलेले बाजूस ठेवून पुढे उभा असलेला पेच तेवढा मांडावा लागतो : 'उन्हाळा सरत आला आहे. ॲंगला अजून अग्निविद्या यावयाची आहे. ती जाणणारे लोक शत्रूचे. त्याला शिकविणार कोण?'