पैसा बोस्टनचा, शाळा क्योटोची

अमेरिकन मराठी मिशन म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेने धाडलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत पोचले आणि १८३१ पासून त्यांनी नगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथेच निघाला. जोतीराव फुल्यांनी पाहिलेली मिस फरारबाईंची मुलींची शाळा तिथलीच, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनाचे. मुंबईत पाय ठेवल्यावर साठेक वर्षांनी याच बोर्डाने जपानमधल्या क्योटो शहरात आठ विद्यार्थ्यांच्या एका शाळेला पैसा पुरवला. ती शाळा म्हणजे आजचे दोशिशा विद्यापीठ. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी तिला दीडशे वर्षे झाली.

शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती असलेल्या देशात एक ख्रिस्ती खासगी विद्यापीठ दीडशे वर्षे टिकले, वाढले आणि नावाजले गेले, ही गोष्ट मोठीच आहे. पण मला या इतिहासात दुसऱ्याच गोष्टीचे मोल वाटते. पैसा परक्यांचा, परवाना सरकारचा आणि मुले समाजाची, अशा तीन ओढींत सापडलेल्या संस्थेने आपले मन शाबूत कसे ठेवायचे, याचा झगडा दोशिशाने उघड्यावर केला. त्यात ती हरलीही.

संस्थापक नीजिमा जो यांचा जन्म १८४३ सालचा, एडोतला, म्हणजे आजच्या टोकियोतला. अन्नाका नावाच्या लहानशा संस्थानाच्या चाकरीतले सामुराई घराणे. परवानगीशिवाय देश सोडणाऱ्याला देहदंड होता, त्या काळात एकविशीतला हा तरुण १८६४ साली हाकोदाते बंदरातून रात्री एका अमेरिकन जहाजावर चढला. शांघायला त्याने जहाज बदलले. वाटेत हाँगकाँगला चिनी भाषेतला ‘नवा करार’ विकत घेता यावा म्हणून त्याने आपली आखूड तलवार कप्तानाला विकली. सामुराईने तलवार विकणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

या दुसऱ्या जहाजाचे मालक अल्फियस हार्डी हे बोस्टनचे धनिक, अमेरिकन बोर्डाच्या कारभारातले वजनदार गृहस्थ. त्यांनी या मुलाला घरचा मानून शिकवले. अँडोव्हरची फिलिप्स अकादमी, मग अॅमहर्स्ट कॉलेज, मग अँडोव्हरचेच धर्मशिक्षणाचे विद्यालय. १८७० साली अॅमहर्स्टची पदवी घेणारा नीजिमा हा पाश्चात्त्य महाविद्यालयाचा पदवीधर झालेला पहिला जपानी समजला जातो. १८७२ साली जपान सरकारचे इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिकेत आले, तेव्हा शिक्षणखात्याचे तानाका फुजिमारो यांच्याबरोबर दुभाषा म्हणून त्याने अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शाळा, विद्यापीठे पाहिली. सरकारी नोकरी समोर चालून आली होती. ती त्याने घेतली नाही. त्याला स्वतःची शाळा काढायची होती.

ऑक्टोबर १८७४ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या रटलंड गावी बोर्डाचे वार्षिक अधिवेशन भरले होते. निरोपाच्या भाषणात नीजिमाने जपानमध्ये ख्रिस्ती कॉलेज काढण्यासाठी पैसे मागितले आणि पैशाशिवाय परतणार नाही असे सांगितले. जागच्या जागी सुमारे पाच हजार डॉलरची वचने मिळाली. सभेनंतर एका शेतकऱ्याने परतीच्या गाडीभाड्याचे दोन डॉलर हातावर ठेवले आणि तो चालत घरी गेला, ही आठवण नीजिमा पुढे आवर्जून सांगत असत.

क्योटोत शाळा काढणे मात्र पैशाने जमण्यासारखे नव्हते. हजार वर्षांची राजधानी, मठ-मंदिरांचे शहर. ख्रिस्ती धर्माच्या बंदीचे फलक उतरून दोनच वर्षे झाली होती. पण सम्राट टोकियोला गेल्यापासून शहराची रया गेली होती आणि नव्या उद्योगांची, नव्या शिक्षणाची गरज काही जाणत्या मंडळींना कळत होती. त्यांतले पहिले यामामोतो काकुमा. हे आइझू संस्थानाचे अंध सामुराई, क्योटो प्रांताचे सल्लागार. त्यांच्या ताब्यातली, पूर्वी सात्सुमा संस्थानाच्या वाड्याची जागा शाळेला मिळाली. उत्तरेला शोकोकुजी हा झेन मठ, दक्षिणेला सम्राटांच्या राजवाड्याचे आवार. काकुमांची बहीण याए हिच्याशी जानेवारी १८७६ मध्ये नीजिमांचे लग्न झाले. ही तीच याए, जी १८६८ च्या यादवी युद्धात आइझूच्या किल्ल्यावरून हातात स्पेन्सर बंदूक घेऊन लढली होती.

बौद्ध भिक्षूंनी शाळेविरुद्ध तक्रारी केल्या. शाळेत बायबल शिकवणार नाही, असे नीजिमांना प्रांताधिकाऱ्यांकडे कबूल करावे लागले आणि धर्माचे वर्ग शाळेच्या हद्दीबाहेरच्या वेगळ्या घरात भरू लागले. आठ विद्यार्थी, दोन शिक्षक. नीजिमा एक आणि जेरोम डेव्हिस हे मिशनरी दुसरे.

शाळेला खरा कस आला तो १८७६ साली, कुमामोतोहून आलेल्या मुलांमुळे. तिथे कॅप्टन जेन्स नावाच्या अमेरिकन शिक्षकाच्या हाताखाली ही पोरे इंग्रजीतून सारे विषय शिकली होती. ख्रिस्ती झाली म्हणून घरच्यांचा, गावाचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. क्योटोला येताच त्यांनी इथला अभ्यास कच्चा असल्याची तक्रार मांडली. नीजिमांनी ती ऐकून घेतली आणि अभ्यासक्रम बदलला. १८७९ साली पहिली तुकडी बाहेर पडली. पंधरा जण, सगळे कुमामोतोचे.

इथे बोर्डाशी पहिली तेढ दिसते. मिशनरींना धर्मोपदेशक घडवणारी पाठशाळा हवी होती. हा विचार नगरलाही जाऊन आला होता. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी इंग्रजी शिक्षणावर मिशनचा पैसा खर्च करण्याविरुद्ध कौल दिला. देशी भाषेतून शिकलेला गावोगावचा उपदेशक हे त्यांचे ध्येय. नगरला कॉलेज उभे राहायला पुढे १९४७ साल उजाडले. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते काढले. क्योटोत मात्र बोर्डाच्याच पैशावर परतलेला एक माणूस कायदा, विज्ञान, वैद्यक, साहित्य हे सगळे शिकवणारे विद्यापीठ हवे म्हणून हटून बसला होता. चारित्र्याचा पाया ख्रिस्ती असावा, पण त्यावर उभी राहणारी माणसे वकील, व्यापारी, शास्त्रज्ञ, पत्रकार अशी सगळ्या तऱ्हांची असावीत, हा त्यांचा आग्रह.

विद्यार्थ्यांशी ते कसे वागत, याची एक हकिकत दोशिशात आजही सांगतात. १८८० साली दोन वर्ग एकत्र करण्याच्या निर्णयावरून मुलांनी वर्गावर बहिष्कार घातला. नियमाप्रमाणे शिक्षा व्हायला हवी होती. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नीजिमांनी दोष आपला आहे असे सांगून हातातल्या छडीने स्वतःच्याच तळहातावर फटके मारले, छडी मोडेपर्यंत. तिचे तुकडे विद्यापीठाने जपून ठेवले आहेत. आजच्या कुलगुरूंनी छडी घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण निर्णय कुणाचा आणि त्याची किंमत कोणी चुकवायची, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा शिक्षणसंस्थेचा प्रमुख मला इतरत्र फारसा आढळलेला नाही.

विद्यापीठासाठीचा निधी त्यांनी देशातही मागितला. एप्रिल १८८८ ची मोठी सभा झाली ती क्योटोच्या चिओनइन या बौद्ध मठात! तेरा वर्षांत शहर कुठून कुठे आले होते ते यावरून कळते. त्याच वर्षी टोकियोत परराष्ट्रमंत्री ओकुमा शिगेनोबु यांच्या बंगल्यावर शिबुसावा एइइचींसारख्या उद्योगपतींनी देणग्यांचे आकडे घातले. हे ओकुमा म्हणजे वासेदा विद्यापीठाचे संस्थापक. अमेरिकेत कनेटिकटच्या जोनाथन हॅरिस यांनी एक लाख डॉलर दिले आणि १८९० साली विज्ञानशाळा सुरू झाली. त्याआधीच डॉ. जॉन बेरी यांच्या पुढाकाराने रुग्णालय आणि परिचारिकांची शाळा निघाली होती. अमेरिकेच्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका लिंडा रिचर्ड्स तिथे शिकवायला आल्या होत्या. विद्यापीठ पुरे व्हायला किती काळ लागेल, या प्रश्नाला नीजिमांनी दोनशे वर्षे असे उत्तर दिल्याचे सांगतात. स्वतःच्या वाट्याला त्यांना वर्षे थोडीच आली. २३ जानेवारी १८९० रोजी ओइसो इथे, सेहेचाळिसाव्या वर्षी ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी बजावले होते की शाळा यांत्रिक होऊ देऊ नका आणि चाकोरीत न बसणाऱ्या हूड मुलांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे वाढू द्या.

संस्थापक गेला आणि दोरीची दोन्ही टोके ताणली गेली. जपानी विश्वस्तांना मिशनरींचा वरचष्मा नको होता, मिशनरींना शाळेचा धर्म पातळ होतो आहे असे वाटत होते. १८९६ मध्ये दोघांचे फाटले. दुसरीकडे, सरकारमान्य शाळांतल्या मुलांना सैन्यभरती पुढे ढकलण्याची सवलत मिळे. दोशिशाला ती सवलत नव्हती, त्यामुळे मुले दुसरीकडे जाऊ लागली. १८९८ साली विश्वस्तांनी सवलतीसाठी घटनेतले ख्रिस्ती तत्त्वाचे न बदलता येणारे कलमच बदलले. मोठा गदारोळ झाला. विश्वस्तांना राजीनामे द्यावे लागले आणि कलम परत आले. माझ्या मते दोष दोन्हीकडे होता. देणगी दिली म्हणजे संस्था आपली मालमत्ता झाली, असे बोर्डाच्या लोकांनी धरले. आणि पटावरची संख्या टिकवायला पायाचा दगड काढला तरी इमारत तीच राहते, असे विश्वस्तांनी धरले.

याच वर्तुळातली एक वाट पुण्याला येते, म्हणून थोडे विषयांतर. जपानमधल्या, बोर्डाच्याच पंथाच्या काँग्रिगेशनल चर्चचे धर्मगुरू नारुसे जिन्झो नीजिमांप्रमाणेच अँडोव्हरला शिकले आणि १९०१ साली त्यांनी टोकियोत महिला विद्यापीठ काढले. या विद्यापीठाची माहितीपुस्तिका १९१५ साली धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली आणि पुढल्याच वर्षी आपले महिला विद्यापीठ सुरू झाले.

दोशिशाला १९१२ साली नावाने आणि १९२० साली कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मग १९३० नंतरचे लष्करी वारे आले. कुलगुरू युआसा हाचिरो हे कीटकशास्त्रज्ञ. राष्ट्रवादी अधिकारी आणि त्यांचे साथीदार यांनी ख्रिस्ती शिक्षणावर हल्ला चढवला आणि १९३७ अखेर युआसांना पद सोडावे लागले. युद्धानंतर ते परत कुलगुरू झाले आणि पुढे टोकियोजवळच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष.

त्या काळची सर्वांत जड आठवण युन दोंग-जू या कोरियन विद्यार्थ्याची. १९४२ साली तो दोशिशात इंग्रजी साहित्य शिकायला आला. कोरियन भाषेत लिहिणे हाच त्या दिवसांत संशयाला पुरेसा आधार होता. जुलै १९४३ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले, दोन वर्षांची सजा झाली आणि १६ फेब्रुवारी १९४५ रोजी फुकुओकाच्या तुरुंगात, सत्ताविसाव्या वर्षी, तो मेला. त्याच्या कविता १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि कोरियात त्या आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. विद्यापीठाने १९९५ मध्ये आवारात त्याच्या कवितेचा शिलालेख बसू दिला आणि १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच्या ऐंशीव्या स्मृतिदिनी, त्याला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली. उशीर झाला खरा, पण आपल्या विद्यार्थ्याला वाचवू न शकल्याची जबाबदारी संस्थेने झटकली नाही, याचे मोल मला वाटते.

आज दोशिशात चौदा विद्याशाखा आहेत. ईश्वरविद्या, साहित्य, समाजशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, वाणिज्य या जुन्या वाटा शहरातल्या इमादेगावा आवारात. १९८६ साली शहराबाहेर क्योतानाबेला दुसरे आवार झाले. विज्ञान आणि अभियांत्रिकी, जीवविज्ञान, संस्कृती व माहितीशास्त्र, क्रीडा व आरोग्य या शाखा तिकडे. डॉक्टर घडवणारे वैद्यकीय महाविद्यालय मात्र अजून नाही. नीजिमांचे ते स्वप्न राहिलेच. कान्साई प्रांतातल्या चार नामवंत खासगी विद्यापीठांना मिळून प्रवेशपरीक्षा देणारी मुले ‘कान-कान-दो-रित्सु’ म्हणतात, त्यातला ‘दो’ म्हणजे दोशिशा. बहुतेक मुले येतात ती या नावलौकिकासाठी. चर्चमधल्या प्रार्थनेची सक्ती कुणालाच नाही, ईश्वरविद्येला प्रवेश घ्यायलाही ख्रिस्ती असावे लागत नाही. त्या शाखेत ख्रिस्ती धर्माच्या जोडीला यहुदी धर्म आणि इस्लाम यांचाही अभ्यास होतो, आणि त्यासाठी २००३ साली स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले. बायबल शिकवणार नाही असे लिहून देऊन सुरू झालेल्या शाळेने तीन धर्मांचा अभ्यास खुल्या मनाने मांडावा, ही मला तिची सर्वांत मोठी शैक्षणिक कमाई वाटते.

क्योटोला जाणारे मराठी पर्यटक सोनेरी मंदिर, किंकाकुजी, चुकवत नाहीत. ते ज्या शोकोकुजी मठाच्या अखत्यारीत येते, त्याच्या दक्षिणेला लागूनच दोशिशाचे आवार आहे. भुयारी रेल्वेच्या कारासुमा मार्गावर इमादेगावा स्थानकात उतरावे. १८८४ ची शोकोकान, १८८६ चे प्रार्थनामंदिर, हॅरिस यांच्या देणगीची विज्ञानशाळा, या लाल विटांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. युनचा शिलालेख प्रार्थनामंदिराजवळच आहे. विज्ञानशाळेच्या इमारतीत आता विद्यापीठाच्या इतिहासाचे प्रदर्शन असते. तासभर वेळ काढून ते जरूर पाहावे.