मंडुराची साक्ष

सोने पुरून ठेवले तर हजार वर्षांनीही जसेच्या तसे हाती येते. लोखंड मात्र गंजत गंजत पुनः मातीस मिळते. मग ज्यांनी आपल्या पूर्वजांस कुऱ्हाड, कुदळ व घोड्याचा लगाम दिला, त्या लोहकारांचा इतिहास लिहावयाचा तो कशाच्या आधारे? ह्या प्रश्नाच्या उत्तरास ज्यांच्या परिश्रमांचा मोठा हातभार लागला, त्या डॉ. शांताराम भालचंद्र देव ह्यांचा परिचय आम्ही आज वाचकांस करून देत आहो.

देव (१९२३-१९९६) ह्यांचा आरंभीचा व्यासंग ग्रंथांचा. जैन मुनिसंघाच्या इतिहासावरील त्यांचा प्रबंध १९५६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने प्रसिद्ध केला. परंतु डॉ. सांकळिया ह्यांच्या सहवासात पोथीबरोबर कुदळही त्यांच्या हाती आली. नाशिक व जोर्वे येथील १९५०-५१ च्या उत्खननाचा वृत्तांत ह्या गुरुशिष्यांच्या नावे आहे. पुढे नागपूर विद्यापीठात असता त्यांनी विदर्भातील शिळावर्तुळांकडे लक्ष वळविले. मोठमोठ्या धोंड्यांचे कडे करून त्यात मृतांस पुरण्याची तेथे प्राचीन रीत होती. टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे अशा वर्तुळांत कुऱ्हाडी, पटाशा, खंजीर, घोड्यांचे सांगाडे व त्यांचे तांब्याचे मुखालंकार सापडले.

तथापि शस्त्र सापडले म्हणजे ते तेथेच घडले, असे होत नाही. तो पुरावा पेंच नदीकाठच्या नायकुंड गावी मिळाला. डॉ. देव व डॉ. अरविंद जामखेडकर ह्यांनी १९७८-८० मध्ये केलेल्या उत्खननात बाकदार विटांची लहानशी भट्टी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि मळी आढळली. काळ इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा.

ही मळी म्हणजे आपल्या वैद्यांचे मंडूर होय. शुद्ध लोखंड वितळावयास १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुन्या भट्टीस ती साधत नसे. सुमारे १,२०० अंशांवर दगडातील मळ तेवढा पाघळून वाहून जाई व लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राही. तो तापवून ठोकीत ठोकीत शुद्ध करावयाचा. लोखंड कालांतराने नाहीसे झाले, पण टाकून दिलेला मळ टिकला. जुने मंडूर श्रेष्ठ, असे वैद्यक मानते. इतिहाससंशोधकासही ते तितकेच खरे.

विदर्भ आम्हा शिरवळकरांस दूर वाटेल, पण महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील जांभ्या दगडाच्या प्रदेशात मिळणाऱ्या धातुकापासून धावड नावाचे मुसलमान कारागीर एकोणिसाव्या शतकापर्यंत लोखंड गाळीत. विलायती लोखंड स्वस्त झाले, कोळशास लागणारे लाकूड महाग झाले आणि त्या भट्ट्या विझल्या. त्यांच्या हातची विद्या त्यांच्याबरोबर गेली.

असेच आफ्रिकेतही होऊ घातले होते. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेस हाया लोकांची ही विद्या बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. १९७० नंतरच्या दशकात पीटर श्मिट ह्या अमेरिकन संशोधकाने तेथील वृद्धांस विनविले. त्यांनी आठवून आठवून भट्टी रचली, भाते चालविले व लोखंड काढून दाखविले. त्यामुळे त्याच प्रदेशात खणून काढलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांचा अर्थ लागला. तेथे कोणी वेळेवर विचारले. येथे धावडांस तसे विचारणारा भेटला नाही, आणि जे तोंडी मिळाले असते ते आता खणून शोधावे लागते.

आपल्या घरांत वंशावळी आठ-आठ, दहा-दहा पिढ्यांच्या निघतात. पण ज्या विळीवर त्या पिढ्यांची भाजी चिरली, ती घडविणाऱ्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. गावात भाता चालविणारा वृद्ध लोहार अथवा घिसाडी अजून असेल, तर घरातील मुलांनी त्याच्यापाशी बसून त्याची कृती व त्याचे शब्द वहीत उतरून घ्यावे. शेतात काळा, जड, भोके पडलेला धोंडा दिसल्यास तो उचलून भिरकावू नये. जागा टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावे. पोथीच्या पानाइतकाच तोही जपण्यायोग्य आहे.