नळीतलं रक्त आणि अडलेली साखर

बीदरजवळच्या नौबादच्या गोठ्यात गाईचं रक्त काढायचं तर दोन माणसं लागतात. एकाने म्होरकी धरून मान वर वळवायची, दुसऱ्याने मानेतली शीर अंगठ्याने दाबून ती फुगेपर्यंत थांबायचं. सुई बरोबर बसली की काळसर लाल धार नळीत उतरते, आणि त्या क्षणापासून घाई सुरू होते. जे शोधायचं आहे ते फार वेळ टिकत नाही. बीदरच्या एप्रिलमध्ये अशी नळी दुचाकीच्या डिकीत दुपारपर्यंत पडून राहिली, तर प्रयोगशाळेत आलेला आकडा खरा मानता येत नाही. बर्फाचा डबा आधी, सुई नंतर, असा हा क्रम आहे.

शोधायचं आहे ते एक एन्झाइम, सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. सॉर्बिटॉल म्हणजे साखरेचं एक अल्कोहोल. नशेशी त्याचा काही संबंध नाही. शुगर-फ्री गोळीच्या वेष्टनावर 420 हा आकडा दिसला तर तो याचाच. आपलं शरीरही ते स्वतः तयार करतं. आल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं, आणि सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज त्या सॉर्बिटॉलमधून हायड्रोजन काढून घेऊन त्याचं फ्रुक्टोज करतं. त्यासाठी त्याला जस्ताचा एक अणू आणि एनएडी हा मदतनीस रेणू लागतो. फ्रुक्टोज झालं की पुढच्या वाटा खुल्या होतात. सॉर्बिटॉलच्या रूपात मात्र साखर पेशीत अडकून बसते, कारण पेशीचं आवरण तिला सहज बाहेर पडू देत नाही.

या एन्झाइमचं मोठं घर म्हणजे यकृत, आणि गुरांच्या वैद्यकात त्याला मोल आहे ते यामुळेच. माणसाच्या यकृताची तपासणी करताना डॉक्टर एएलटी हे एन्झाइम पाहतात, पण गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्या यकृतात ते फारच थोडं असतं. एएसटी हे आणखी एक एन्झाइम भरपूर असतं, पण ते स्नायूंतही असतं. दिवसभर औत ओढलेल्या किंवा टेंपोतून आपटत आणलेल्या बैलाचं एएसटी यकृत ठणठणीत असतानाही वाढलेलं दिसू शकतं. सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज रक्तात वाढलं, तर यकृताच्या पेशी फुटताहेत असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. ते रक्तातून लवकर ओसरतं, म्हणून वाढलेला आकडा आत्ता चाललेल्या इजेबद्दल बोलतो, गेल्या महिन्यातल्या नव्हे.

पाणथळ गवतावर चरणाऱ्या जनावराच्या पोटात यकृताचे चपटे जंत जातात तेव्हा याचं महत्त्व कळतं. लहान जंत आधी यकृताचं मांस पोखरत फिरतात. शेणात त्यांची अंडी दिसायला तीन महिन्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त काळ जातो, आणि तोवर शेणाची तपासणी निर्दोष येते. पोखरणं चालू असताना हे एन्झाइम रक्तात वाढतं. जंत मोठे होऊन पित्तनलिकांत स्थिरावले की जीजीटी नावाचं दुसरं एन्झाइम वर येतं. जबड्याखाली पाणी उतरलं की मालकाला शंका येते, पण ते फार उशिराचं लक्षण आहे. वानेरा, बाळंक्या, शेवेरा अशा तीन तऱ्हांची देवणी ज्या मुलखाची शान आहे, आणि पशुवैद्यकीय विद्यापीठ ज्या बीदरमध्ये आहे, तिथे ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी महागड्या यंत्राआधी बर्फ आणि वेळेवर निघणारं वाहन लागेल.

यकृताबाहेर या एन्झाइमची कामं जागोजागी बदलतात. नरांच्या वीर्यकोशात ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल आणि सॉर्बिटॉलपासून फ्रुक्टोज बनतं, आणि शुक्रजंतू त्यावर ताकद मिळवतात. बेल्जियमच्या एर्स यांनी 1956 मध्ये हा मार्ग उलगडला तो याच अवयवात.

डोळ्याची गोष्ट उलटी आहे. मधुमेही उंदराच्या भिंगात ग्लुकोज वाढलं की सॉर्बिटॉल भराभर बनतं, पण पुढे ढकलणारं एन्झाइम तेवढ्या वेगाने काम करत नाही. साठलेलं सॉर्बिटॉल पाणी ओढतं, तंतू फुगतात, भिंग धुरकट होतं. नौबादच्या बहमनी काळातल्या भुयारी कालव्यात, म्हणजे कारेजमध्ये, गाळ साठला की पाणी मागेच तुंबतं, तसाच हा प्रकार. माणसाच्या मोतीबिंदूला मात्र हीच गोष्ट जशीच्या तशी लावणं बरोबर नाही. आपल्या भिंगात आल्डोज रिडक्टेज उंदरापेक्षा पुष्कळ कमी असतं, आणि सॉर्बिटॉल बनताना एनएडीपीएच हा मदतनीस रेणू खर्ची पडून पेशीचं संरक्षण कमी होणं हेही कारण मानलं जातं.

हे एन्झाइम जन्मतःच निकामी असेल तर काय होतं, हे 2020 मध्ये कळलं. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 38 कुटुंबांतल्या 45 रुग्णांची नोंद होती. किशोरवयात पायाचे पंजे अशक्त होतात, चालताना पाय घसटतो, पुढे हातही दुबळे होतात. रुग्णांच्या रक्तात सॉर्बिटॉल निरोगी माणसाच्या शंभरपट आढळलं. हा दोष इतकी वर्षं निसटला, कारण या जनुकाच्या शेजारीच त्याची जवळजवळ हुबेहूब पण निकामी प्रत आहे, आणि तपासणीत दोन्हींची गल्लत व्हायची. आज सॉर्बिटॉल मुळातच कमी बनावं म्हणून आल्डोज रिडक्टेजला रोखणाऱ्या औषधांवर काम सुरू आहे. त्याच जातीचं एपालरेस्टॅट मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या त्रासासाठी जपान आणि भारतात वापरलं जातं.

वनस्पती आणि किड्यांनाही हे एन्झाइम लागतं. सफरचंदाचं झाड पानांतून फळाकडे बरीचशी साखर सॉर्बिटॉलच्या रूपातच पाठवतं, आणि फळात हे एन्झाइम तिचं फ्रुक्टोज करतं. काही पिकल्या सफरचंदांत मध्यभागी काचेसारखा पारदर्शक भाग दिसतो, तो पेशींच्या फटींत साचलेल्या सॉर्बिटॉलयुक्त पाण्यामुळे. मराठवाड्यातले शेतकरी ज्या कोषांच्या विक्रीसाठी कर्नाटकातलं रामनगर गाठतात, त्या रेशीमकिड्याची गंमत याहून सुंदर. विश्रांतीत जाणाऱ्या अंडीपुंजात साठलेल्या ग्लायकोजेनचं सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल होतं, हे जपानच्या चिनो यांनी 1957 मध्ये दाखवलं. पाच अंश सेल्सियसच्या थंडीत काही आठवडे गेले की अंड्यात हे एन्झाइम जागं होतं, सॉर्बिटॉलचं पुन्हा ग्लायकोजेन होतं, आणि थांबलेला गर्भ वाढू लागतो.