आठ पट की दहा पट? मेळघाटच्या वाटेवरील दुर्बिणीचे गणित

वैशाखातील बुद्धपौर्णिमा जवळ आली, की अमरावती-अकोल्यातील निसर्गप्रेमींना मेळघाटचे वेध लागतात. सागाची पाने झडून जंगल उघडे पडलेले असते, नाले आटलेले असतात आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची ये-जा वाढलेली असते. त्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा जुनी आहे. २००६ पासून देशव्यापी व्याघ्रगणना स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे होऊ लागली. त्यामुळे मचाणावरच्या या रात्रीचे गणनेतील महत्त्व कमी झाले आणि तिला ‘निसर्ग अनुभव’ असे नाव मिळाले. तरी तिची ओढ काही कमी झालेली नाही. आणि या हौशी मंडळींना दरवर्षी पडणारा प्रश्नही तोच आहे : दुर्बीण कोणती घ्यावी?

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा कल एकाच दिशेने असतो. ‘जास्तीत जास्त किती पट मोठे दिसते?’ हा पहिला प्रश्न आणि मोठ्यात मोठा आकडा असलेली दुर्बीण ही अंतिम निवड. हा कल चुकीचा आहे आणि त्यात केवळ पैसे वाया जातात असे नाही. समोर दिसले ते नेमके काय होते, याचा निर्णयही त्यामुळे चुकतो.

आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ भासेल ते सांगतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आठ पट शक्तीच्या दुर्बिणीतून ४० मीटरवरचे सांबर पाच मीटरवर उभे असल्यासारखे दिसते, तर दहा पट शक्तीच्या दुर्बिणीतून ते चार मीटरवर भासते. पाणवठा मचाणापासून एवढ्याच अंतरावर असेल, तर हा एका मीटरचा फरक फारसा उपयोगाचा नाही. मात्र ४०० मीटरवर पोहणारे बदक आठ पटीत ५० मीटरवर आणि दहा पटीत ४० मीटरवर येते. तेथे हा फरक जाणवू लागतो.

म्हणजे अधिक शक्तीचा लाभ अंतर वाढेल तसा मोलाचा होत जातो. तिची किंमत मात्र प्रत्येक अंतरावर सारखीच मोजावी लागते. ही किंमत तीन प्रकारची आहे : दृश्यक्षेत्र आकसते, प्रतिमा अंधुक होते आणि हाताचा कंप वाढतो.

आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून एक हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दहा पटीत तो ११० मीटरच्या आसपास येतो. हाच हिशेब ५० मीटरवर मांडला, तर साडेसहा मीटर आणि साडेपाच मीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो; पण दाट झाडीत फांदीवरून फांदीवर जाणारा पक्षी शोधताना हाच एक मीटर निर्णायक ठरतो. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील माळरानांवर पावसाळ्यात नोंदला गेलेला तणमोर हे याचे उत्तम उदाहरण. विणीच्या काळात नर गवतातून क्षणभर वर झेपावतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. अरुंद दृश्यक्षेत्राच्या दुर्बिणीतून त्याला पकडेपर्यंत तो गवतात उतरलेला असतो.

चांदण्यातील दृष्टी

दुसरी किंमत प्रकाशाची. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागले, की डोळ्याजवळच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. दुर्बीण हातभर दूर धरून आकाशाकडे पाहिल्यास हे तेजस्वी ठिपके स्पष्ट दिसतात. ८×४२ मध्ये त्याचा व्यास सव्वापाच मिलिमीटर, तर १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर असतो.

भर दुपारी आपल्या डोळ्यातील बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटर झालेली असते. त्यामुळे दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. दुकानात दिव्यांच्या झगमगाटात दुर्बीण पारखणाऱ्याला म्हणूनच फरक कळत नाही. संध्याकाळ झाली, की बाहुली मोठी होऊ लागते आणि तेव्हा प्रकाशवर्तुळाचा आकार महत्त्वाचा ठरतो. प्रतिमेची उजळता या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. बाहुली पुरेशी उघडलेली असेल, तर ८×४२ मधील प्रतिमा १०×४२ मधील प्रतिमेच्या सुमारे दीडपट उजळ असते. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाहून सुमारे चार लाख पट कमी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दीडपटीचे मोल कळेल. पाण्यावर आलेली काळी आकृती अस्वलाची की रानडुकराची, हे ओळखता येणे किंवा न येणे एवढ्यावर अवलंबून असू शकते.

येथे वयाचाही विचार करावा लागतो. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी-साठीनंतर ती बहुधा पाच मिलिमीटरच्या आसपास थांबते. ७×५० या जड दुर्बिणीचे प्रकाशवर्तुळ सात मिलिमीटरचे असते. निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाचा छंद लागलेल्या वाचकाने ती घेतली, तर तिच्यातील बराच प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून फुकट जाईल आणि मानेला भार तेवढा राहील.

तिसरी किंमत कंपाची. प्रतिमा दहा पट मोठी होते तेव्हा हाताची थरथरही दहा पट मोठी होते. घाट चढून दम लागलेल्या माणसाला दहा पटीतील प्रतिमा स्थिर ठेवणे जड जाते आणि हलत्या प्रतिमेत बारकावे हरवतात. आठ पटीत स्थिर दिसणारे पीस दहा पटीत हलणाऱ्या पिसापेक्षा अधिक माहिती देते.

शिकाऱ्यांचा जुना हिशेब

अल्पशक्ती की मध्यमशक्ती, हा वाद निसर्गप्रेमींच्या आधी शिकाऱ्यांनी घातला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचे युग संपवले. पण रायफलीवर बसवण्याच्या दुर्बिणींमागचे तर्कशास्त्र आजही उद्‌बोधक आहे. घनदाट रानात, जवळच्या आणि हलत्या जनावरासाठी एक ते चार पट अशी बदलती शक्ती पसंत केली जाई, तर उघड्या मैदानासाठी तीन ते नऊ पट. ३-९×४० या दुर्बिणीत नऊ पट शक्तीवर प्रकाशवर्तुळ जेमतेम ४.४ मिलिमीटरचे राहते. म्हणून जाणकार शिकारी ती खालच्या शक्तीवर ठेवून चाले आणि वेळ व अंतर पाहूनच शक्ती वाढवी. समोर काय आहे हे पुरते ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. बंदूक गेली, तरी ओळख पटल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही हे शहाणपण आपणही उचलावे असेच आहे.

मग बदलत्या शक्तीची, म्हणजे झूम दुर्बीणच का घेऊ नये, असे कोणी विचारील. रायफलीवरच्या दुर्बिणीत एकच नळी असते. तिच्यातील भिंगे मागेपुढे सरकवून शक्ती बदलणे तुलनेने सोपे. हातातल्या दुर्बिणीत दोन नळ्या असतात आणि दोन्हींची शक्ती तंतोतंत सारखी बदलावी लागते. त्यात किंचित तफावत पडली, तरी डोळे ताणले जातात आणि थोड्या वेळात डोके दुखू लागते. स्वस्त झूम दुर्बिणीत ही तफावत वारंवार आढळते. शिवाय १०-३०×५० अशा दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र दहा पट शक्तीवरही साध्या दहा पटीच्या दुर्बिणीपेक्षा अरुंद असते. तीस पटीवर प्रकाशवर्तुळ १.७ मिलिमीटरचे होते आणि हाताचा कंप तीस पट. चांदण्या रात्री तिच्यातून हलणारा अंधारच पाहायला मिळतो.

रानपिंगळ्याचा धडा

ओळख चुकली म्हणून एवढे काय बिघडते? याचे उत्तर मेळघाटातीलच एका पक्ष्याकडे आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर खात्रीलायकरीत्या कोणालाच आढळले नव्हते. १९१४ मधील म्हणून दाखवला जाणारा एक नमुना रिचर्ड मायनर्टझॅगन यांनी बनावट नोंदीसह सादर केल्याचे पुढे उघड झाले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी नंदुरबार भागात शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा शोधला. त्यानंतर मेळघाटातही त्याची महत्त्वाची वस्ती असल्याचे दिसून आले.

गावाशेजारच्या वडा-पिंपळावर दिसणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा आकाराने जवळजवळ सारखे. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात; रानपिंगळ्याचा माथा जवळपास ठिपक्यांविना असतो. त्याची छाती सलग तपकिरी, पोट पांढरे आणि पंख-शेपटीवरील पट्टे ठळक असतात. तो दिवसाही सक्रिय असतो आणि सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसलेला आढळतो. माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, एवढ्यावर ओळख ठरते. आणि ते पाहायला स्थिर, स्वच्छ प्रतिमा लागते. आजकाल हौशी निरीक्षकांच्या नोंदी ईबर्डसारख्या संकेतस्थळांवर जातात आणि अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. संकटग्रस्त पक्ष्याची चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक, कारण जेथे तो नाही तेथे तो सुरक्षित असल्याचा भ्रम तिने निर्माण होतो.

जागा पाहून निवड

वऱ्हाडात दोन्ही प्रकारचे प्रदेश आहेत, हे आपले भाग्य. सेमाडोह, कोलकास, हरिसाल किंवा अकोला जिल्ह्यातील नरनाळा अशा रानात अंतर कमी, झाडी दाट आणि प्रकाश तुटपुंजा. तेथे ८×४२ ला तोड नाही. याउलट हिवाळ्यात कापशीचा तलाव, काटेपूर्णेचा जलाशय किंवा अप्पर वर्धा धरणाच्या काठी चक्रवाक, तलवार बदक, वारकरी दूरवर पाण्यात असतात आणि ऊनही भरपूर असते. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांचे कळप मोकळ्या माळावर दिसतात. अशा ठिकाणी १०×४२ उपयुक्त ठरते. त्याहून अधिक शक्ती हवी असेल, तर हातातील दुर्बिणीचा आकडा वाढवण्यापेक्षा तिपाईवर बसणारी एका नळीची मोठी दुर्बीण गटाने मिळून घ्यावी. एकच नळी असल्याने बदलती शक्ती तेथे त्रासदायक ठरत नाही. कुटुंबात एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर ती आठ पटीची असावी.

खरेदी करताना काही गोष्टी तपासाव्यात. दूर धरून पाहिल्यावर प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल असावेत. कडा चौकोनी दिसल्या, तर आतील लोलक हलक्या काचेचे समजावेत. भिंगावर भडक लाल लेप आणि पेटीवर ‘रात्रीही दिसते’ अशी जाहिरात असेल, तर सावध व्हावे. तो लेप लाल प्रकाश परतवून लावतो आणि चित्र हिरवट करतो. अंधारात पाहण्याशी त्याचा काही संबंध नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांत किमान १५-१६ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते ना, हे पाहावे. चिखलदऱ्याच्या पावसाळी धुक्यात फिरायचे असल्यास नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण घ्यावी. नाहीतर आत बाष्प धरून बुरशी चढते. शक्य झाल्यास दुकानदाराला विनंती करून सायंकाळी दुकानाबाहेर, सावलीतल्या झाडाकडे पाहून दोन दुर्बिणींची तुलना करावी. खरा फरक तेथेच कळतो.

आणि दुर्बीण घरी आणल्यावर उजव्या डोळ्याचे स्वतंत्र जुळवणी-चक्र आपल्या दृष्टीनुसार एकदा नीट लावून घ्यावे. अनेक जण त्याला वर्षानुवर्षे हात लावत नाहीत आणि उत्तम दुर्बिणीलाही दोष देत राहतात. ज्या दुर्बिणीतून संधिप्रकाशात, थकल्या हातांनी, समोरचा जीव खात्रीने ओळखता येतो तीच आपल्या कामाची. तिच्यावरचा आकडा लहान असला तरी.