पऱ्हाटीचा पांढरा कोळसा

अमरावती-अकोला हायवे आठवतोय? तोच, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली आणि थेट गिनेस बुकात एन्ट्री झाली. फेब्रुवारीत त्याच रस्त्याने गेलात, तर दोन्ही बाजूंच्या वावरांतून धूर निघताना दिसेल. नाही, बार्बेक्यू नाही! उलंगवाडी झालीय. म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि उरलेली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवली जातेय.

हे जे जळतंय ना, ते इंधन आहे, बॉस. हेक्टरी दोन ते तीन टन, म्हणजे एकरी साधारण टनभर. किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता, आपल्या साध्या दगडी कोळशाच्या तोडीची. आणि राख? कोळशात तीस-चाळीस टक्के, पऱ्हाटीत जेमतेम पाच-सहा.

मग हा ‘पांढरा कोळसा’ करतात कसा? फंडा सोपा आहे. पऱ्हाटी आधी चिपरमधून काढायची, दहा-बारा टक्के ओल राहीपर्यंत वाळवायची, भुगा करायचा आणि प्रेसमध्ये जबरदस्त दाबायची. डिंक नाही, केमिकल नाही. दाबाने तापून लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच गोंदाचं काम करतं. बाहेर पडते मनगटापेक्षा जाड, टणक कांडी, म्हणजेच ब्रिकेट. गंमत म्हणजे कागदवाल्यांना हेच लिग्निन नको असतं. बल्लारपूरसारख्या कागद कारखान्यात लगदा शिजवताना ते काळ्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी घट्ट करून बॉयलरमध्ये जाळलं जातं. त्यांचा कचरा, त्यांचीच वाफ! वऱ्हाडात लिग्निन वेगळं काढायचीही गरज नाही.

नागपूरच्या ‘सिरकॉट’च्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राने पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि पेलेटवर बरंच काम केलंय. त्यामुळे टेक्नॉलॉजी हा प्रश्नच नाही. घोडं अडतं ते गाडीत. सुटी पऱ्हाटी म्हणजे नुसता पसारा. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही आणि डिझेल मात्र पूर्ण लागतं. वर उपटायला मजूर हवेत. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून वावरातच कुट्टी करणं किंवा सरळ काडी लावणं शेतकऱ्याला स्वस्त पडतं. त्याला दोष कसा देणार?

त्यात घाईही आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, तेव्हापासून कृषी खातं कानीकपाळी ओरडतंय, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा. कारण झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी झोप काढते आणि पुढच्या हंगामात पुन्हा हजर! म्हणूनच धुऱ्यावर किंवा कारखान्याच्या आवारात महिनोन् महिने गंजी लावून ठेवणं परवडत नाही. आली की लगेच चिपरमध्ये गेली पाहिजे.

गिऱ्हाईक आहे का? आहे की. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट मिसळावेत, हे केंद्राचं २०२१ चं धोरण. २०२३ मध्ये ते सुधारून २०२४-२५ साठी ५ आणि २०२५-२६ साठी ७ टक्के असं ठरलं. आता अकोला जिल्ह्यातलं पारस घ्या. अडीचशे मेगावॉटचे दोन संच. दोन्ही पूर्ण ताकदीने चालले आणि युनिटमागे पाऊण किलो कोळसा धरला, तर दिवसाला नऊ हजार टन. त्याचे पाच टक्के, साडेचारशे टन. म्हणजे रोज साडेचारशे एकरांची पऱ्हाटी! कागदावरचा हिशेब आहे, पण भूक कळते.

आणि इथेच मला थोडं टोचतं. पऱ्हाटी हा ‘कचरा’ शेतमालकाच्या नजरेतून. गावात ती चुलीचं सरपण आहे, कुडाची भिंत आहे. ज्यांच्याकडे शेत नाही, त्या घरातल्या बाया मालकाला विचारून मोळी बांधून नेतात, तीही बहुधा फुकट. २०१६ पासून ‘उज्ज्वला’चं सिलिंडर बऱ्याच घरांत आलं, पण ते संपलं की भरायला पैसे लागतात, म्हणून बाजूची चूल काही विझत नाही. उद्या पऱ्हाटीला टनावर भाव मिळाला, तर तो शेतकऱ्याच्या हाती पडेल, आणि पडायलाच हवा. मोळीवालीला मात्र त्याच वावरात सरपण मागायला जाताना आधी भाव विचारावा लागेल.